लुगड्याला कात्री लावू का?

नमस्कार आक्का,
मी वडगावात राहते. वय ५२. आमच्या घरात एकेकाळी चार माग होते, आता एकही नाही. मुलगी पुण्याला नोकरी करते, तिचं तिथल्याच एका मुलाशी ठरलंय. माणसं चांगली आहेत. दिवाळीनंतर साखरपुडा इथं बेळगावात करायचाय. मी तिच्यासाठी पैठणी बघून ठेवली होती. पोरगी म्हणते, पैठणी नको, आजीचं इरकली लुगडं कापून त्याचा लांब घेराचा ड्रेस शिवणार आणि तोच घालणार. हे लुगडं सासऱ्यांनी सासूबाईंना लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला घेतलेलं. निळं, गोमी काठाचं, लाल पदराचं. मला वाटलं सासूबाई तिला झापतील. त्यांचं वय ८०, जन्मभर नऊवारीच नेसल्या. तर त्या म्हणाल्या, "काप की गे, पेटीत ठेवून काय करूलीस?" मला त्या रात्री झोप नाही. एवढं जपलेलं लुगडं कापायचं? (माझ्या वेळी ह्याच सासूबाईंनी मला पाच वर्षं पंजाबी ड्रेस घालू दिला नव्हता, ते असो.) शिवाय पुण्याची माणसं काय म्हणतील? मराठी घरातली मुलगी, आणि साखरपुड्याला कानडी लुगडं? माझी जाऊही हेच म्हणते. मिस्टर म्हणतात, तुमचं बायकांचं तुम्ही बघा. मी उगीच हट्टाला पेटलेय का?
— एक आई, वडगाव

*

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. दोनदा लुगड्यासाठी, आणि तिसऱ्यांदा त्या कंसातल्या वाक्यासाठी. कंसाकडे येते मी, पण आधी कात्रीचं बोलू. झोप तिनंच उडवलीय ना तुमची.

लुगडं अखंड जपून ठेवायचं असतं, हे तुमचं-माझं म्हणणं. सासूबाईंच्या पिढीत लुगड्याला कात्री लागायचीच. नऊ वारांतला मधला भाग बसून-उठून विरला की तेवढा काढून टाकायचा आणि दोन्हीकडची धड टोकं जोडून शिवायची. त्याला दंड घालणं म्हणायचे. दंड घातलेलं लुगडं आणखी वर्षभर अंगावर चालायचं. मग त्यातून पोरांची दुपटी निघायची, एखादा परकर निघायचा, आणि उरलंसुरलं वाकळेत जायचं. आमच्या घरच्या एका वाकळेत आजीची चंद्रकळा कुठली आणि थोरल्या मामीचं हिरवं लुगडं कुठलं, हे मी डोळे मिटून बोटांनी सांगायची. थंडीत मामीच्या बाजूला झोपायला भांडण व्हायचं, कारण त्या बाजूचं सूत जाड होतं. वाकळही विरली की शेवटी चुलीपाशी भांडी उतरवायचं फडकं. तेव्हा "काप की गे" हे सासूबाईंनी नातीच्या लाडापायी म्हटलेलं नाही. कापडाशी त्या जन्मभर जशा वागल्या, तसंच त्या बोलल्या. साठ वर्षं डांबरगोळ्यांच्या वासात पडलेलं लुगडं बघून जीव तुटत असेल तो त्यांचाच.

हेही लक्षात घ्या की तुम्ही नऊवारीकडे ज्या नजरेनं बघता, तशा त्या बघत नाहीत. आपण तिला परंपरा म्हणतो. शिवलेली, आत पाय घातले की झाली अशी नऊवारी दुकानात मिळते. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत पोरी ती घालून, फेटा बांधून, गॉगल लावून बुलेटवर बसतात. बघायला छान वाटतं, खोटं कशाला बोलू. पण सासूबाईंच्या लेखी तो कामाचा पोशाख. खानापूरकडं भाताची लावण चालू असताना बघा. म्हाताऱ्या बायका कासोटा घट्ट मारून, लुगडं गुडघ्यावर खोचून चिखलात उतरलेल्या असतात. ती लुगड्याची केलेली पँटच आहे. बसा, वाका, डोक्यावर भारा घ्या, गाडीत चढा, कुठं अडत नाही.

गोल साडी आली ती शिकल्या-सवरलेल्या, नोकरीवाल्या घरांतून. गोल नेसून चिखलात उतरता येत नाही. म्हणजे गोल नेसणारी ही शेतात जावं न लागणारी बाई. म्हणूनच ती सगळ्यांना हवीशी वाटली आणि म्हणूनच घराघरात खटके उडाले. माझ्या आईनं १९६० च्या सुमारास पहिल्यांदा पाचवारी नेसली तेव्हा माझे आजोबा तिच्याशी चार दिवस बोलले नाहीत. "पाय बांधलेल्या शेळीगत चालतीया," एवढंच म्हणाले आणि गप्प बसले. पाचव्या दिवशी आईच्या हातची भाकरी घेतली, मग मिटलं. पुढं वीस वर्षांनी तीच पाचवारी कशी झाली? खानदानी! सुनेनं नेसावी तर तीच! ज्या साडीवरून आईनं अबोला सोसला, ती नेसायचा मला कंटाळा येतो म्हणून त्याच आईनं माझ्यावर डोळे वटारले.

मग ड्रेस. लोक म्हणतात टीव्हीनं आणला, सिनेमानं आणला. मला विचाराल तर आपल्याकडं तो स्कूटीवरून आला. साडीचा पदर चाकात जातो हे सासऱ्यांनाही पटतं. नोकरीला जायचंय, पोरांना शाळेत सोडायचंय, उद्यमबागेत कारखान्यात पाळी गाठायचीय, आणि रिक्षाला रोज पैसे कुठले? "गाडीवर सोयीचा पडतो" या एका वाक्यावर किती सुनांनी ड्रेस मिळवला असेल! आवडतो म्हणून घालते, असं एकीनंही सांगितलं नाही. सोय पुढं करायची आणि आवड मागून आत घ्यायची, ही आपली जुनी रीत.

आणि गाऊन! ह्या गाऊनवर कुणीतरी प्रबंध लिहायला हवा. जीन्सवरून गल्लीत इतकी चर्चा झाली, पण गाऊन कुणाला न विचारता घरात शिरला आणि अंगणात आला. नळाला पाणी आल्याची हाक आली की खांद्यावर टॉवेल टाकून तीच बाई गाऊनवर रस्त्यावर. जिची मान पदर डोईवरून घसरला म्हणून खाली गेली होती, ती आता गाऊनवर भाजीवाल्याशी घासाघीस करते, आणि सासूही तिथंच गाऊनवर उभी असते. कुणी परवानगी दिली, कधी दिली, कुणालाच आठवत नाही.

पुरुषांच्या कपड्याबद्दल मला आजवर एकही पत्र आलेलं नाही. आजोबांचं धोतर गेलं, वडिलांची पांढरी टोपी गेली, मुलगा फुलपँटीतून बर्मुड्यात आला, आणि कुठल्याही घरात कुणाची झोप उडाली नाही. तुमच्या मिस्टरांना हे वाचून दाखवा.

आता कंस.

तुम्ही लिहिलंय "ते असो". ते असो म्हणून सोडून दिलेली गोष्ट इतक्या वर्षांनी पत्रात कशाला आली असती? माझी एक गोष्ट सांगते, फारशी कुणाला सांगितलेली नाही. मी १९८० साली शिक्षिका म्हणून लागले. शाळेचं नाव नको. तिथं शिक्षिकांना साडीची सक्ती होती. बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. जून ते सप्टेंबर चिंब साडीवर उभं राहून शिकवायचं, निऱ्यांतून पाणी ठिबकतंय, आणि मागच्या बाकावरची पोरं हसतायत. तेवीस वर्षं हे केलं. २००३ साली एका नव्या पोरीनं अर्ज दिला की पावसाळ्यापुरता तरी ड्रेस चालावा. बैठक बसली. पुरुष शिक्षक गप्प होते, मुख्याध्यापकही जवळजवळ तयार होते. विरोधात सगळ्यात मोठ्यानं बोलले मी. शाळेची शिस्त, मुलांपुढचा आदर्श, संस्कृती, काय काय बोलले. अर्ज बारगळला. घरी येताना छत्री असून भिजले, आणि मग मला कळलं की माझ्या मनात संस्कृती वगैरे काही नव्हतं. मी तेवीस वर्षं भिजले, मग ही कोरडी का राहणार, एवढंच होतं. दोन वर्षांनी ड्रेसला परवानगी मिळाली. त्या पोरीनं मला कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून ते जास्त लागतं.

तुम्हाला तसंच काही होतंय का, ते बघा. सासूबाई नातीला "काप" म्हणाल्या ते किती सहज म्हणाल्या! त्याच तोंडानं तुम्हाला पाच वर्षं "नाही" म्हणाल्या होत्या. नातीसाठी सासऱ्यांनी घेतलेलं लुगडं हजर, आणि तुमच्यासाठी तीनशे रुपयांचा ड्रेससुद्धा नव्हता. मला तर वाटतं, झोप उडाली ती यानं. लुगड्याचं नाव पुढं आलं इतकंच. यात लाजण्यासारखं काही नाही, पण याचा हिशेब मुलीकडून घेऊ नका. विचारायचंच असेल तर सासूबाईंना विचारा. दुपारी त्या एकट्या असताना, शेंगा सोलताना वगैरे, सरळ विचारा की मला तेव्हा का घालू दिला नाही? त्या माफी मागतील असं समजू नका, त्या पिढीला ते जमत नाही. बहुतेक म्हणतील, "तवा माझ्या हातात काय होतं?" आणि ते खरंही असेल. सून कशी राहते यावरून गल्लीत सासूचं मोजमाप व्हायचं. पण तुम्ही विचारलंत एवढं तरी त्यांच्या कानावर पडेल.

राहिला कानडी लुगड्याचा मुद्दा. इथं मात्र मी तुमच्यावर थोडी चिडणार आहे.

इरकल हे गावाचं नाव. बागलकोट जिल्ह्यातलं इळकल. आपल्या बायकांनी ते इतकं नेसलं की गावाचं नाव स्वतःच्या जिभेप्रमाणे बदलून टाकलं. बेळगाव, कोल्हापूर, सांगली, सोलापूर, कुठल्याही मराठी शेतकरी घरातली जुनी पेटी उघडा, इरकल निघेल. चोळीला खण असायचा तो गुळेदगुड्डचा, तेही बागलकोट जिल्ह्यातच. आज आपण ज्या खणानं लेकीबाळींची ओटी भरतो, तो कुठल्या राज्यात विणला हे ओटीत घेणारीनं कधी विचारलंय का? आणि पैठण कुठं? गोदावरीच्या काठी. येवला नाशिक जिल्ह्यात. सुंदर वस्त्र आहे, प्रश्नच नाही, पण तुमच्या-माझ्या आजीनं पैठणी नुसती ऐकली होती, नेसली नव्हती. याउलट आपल्या खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावलेली मलप्रभा कूडलसंगमला कृष्णेला मिळते, आणि तिथून इरकल जवळच. आपल्याच नदीच्या दुसऱ्या टोकाचं लुगडं ते.

पैठणी आपल्याकडं मराठीपणाची खूण कधीपासून झाली, याचा विचार करा. १९५६ साली १ नोव्हेंबरला आपण म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेलो, तेव्हापासून इथं अंगावरचं कापड बोलायला लागलं. दर १ नोव्हेंबरला एका रस्त्यानं निषेधाचे काळे कपडे घातलेले मराठी लोक जातात, दुसऱ्या रस्त्यानं लाल-पिवळ्या शाली घेतलेले कर्नाटक राज्योत्सवाचे लोक जातात. संध्याकाळी दोघंही घरी जाऊन तीच लुंगी लावून बसतात, ते जाऊ दे. तसा कापडाचा आणि राजकारणाचा संबंध या गावाला नवा नाही. १९२४ साली टिळकवाडीत गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा सभासदाला वर्गणी ठरली ती महिन्याला २००० वार सूत. मला त्या काळ्या कपड्यांवर काही बोलायचं नाही. माझ्या घरातलीही माणसं त्या मिरवणुकीत चाललेली आहेत. पण जे आजीच्या अंगावर मराठी होतं, ते नातीच्या अंगावर कानडी कसं झालं? सीमा कागदावर कुठूनही जाऊ दे, ती पेटीत घालून आपल्याच लुगड्यांची वाटणी करायची काय गरज?

चपलेचं बघा ना. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते आठ जिल्ह्यांना मिळून. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे चार तिकडचे, आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे चार इकडचे. आपल्या अथणीत पिढ्यानपिढ्या ही चप्पल बनते आणि नाव कोल्हापूरचं लागतं, त्यावरून कुणी अथणीकराला मराठी की कानडी विचारत नाही. तुमचे मिस्टरही साखरपुड्याला कोल्हापुरी घालणार असतील. ती कुठल्या बाजूची ते जाऊबाईंना तपासायला सांगा.

आणि पुण्याच्या माणसांची तर काळजीच करू नका. तुमची मुलगी पुण्यात राहते, तिला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. हल्ली तिथं खणाच्या साड्या, खणाच्या पर्सा, इरकलीचे कुर्ते यांचं वेड आहे. तिथल्या बायका नवं इरकल विकत आणतात आणि जुन्यासारखं दिसावं म्हणून धडपडतात. तुमच्याकडं खरंखुरं जुनं आहे, तेही ज्या माणसानं दिवसभर मागावर दुसऱ्यांच्या बायकांच्या साड्या विणल्या, त्यानं स्वतःच्या बायकोला विकत आणून दिलेलं. ही हकिकत विहीणबाईंना सांगा. पैठणी अंगावर असती तर पैठणी म्हणून बघितली असती, पुढं बोलायला काही नव्हतं. घेऊन ठेवलेली पैठणी लग्नात नेसवा. नुसतीच बघून ठेवली असेल तर सध्या पैसे राहू द्या, लग्नाला लागतील.

तेव्हा माझं मत विचारलंत तर, कापा. पण कसं कापायचं ते नीट ऐका, कारण इथं घाई झाली तर मात्र खरंच नुकसान होईल.

विणकर घरातल्या तुम्ही, तुम्हाला माहीत असेल, तरी लिहिते. इरकलीचा पदर आणि अंग हे एका ताण्याचं नसतं. अंगाचा ताणा सुताचा, पदराचा रेशमाचा, आणि दोन्हींची टोकं एकेक धागा एकमेकांत गुंतवून जोडलेली असतात. तोप-तेणी म्हणतात त्याला. एका लुगड्यापुरताच ताणा लावायचा, दुसऱ्याला पुन्हा नव्यानं. त्या जोडावर कात्री चालवू द्यायची नाही. पदर आणि जोडाच्या अलीकडचं वीतभर कापड अखंड ठेवा. ड्रेसला तो पदर ओढणीसारखा खांद्यावरून घेता येईल आणि साखरपुडा झाला की परत घडी घालून ठेवता येईल. पदरावरची ती लाल-पांढरी गोपुरं खांद्यावर आली की फोटोतही छान दिसतात, हे मुलीला सांगा म्हणजे ती लगेच कबूल होईल.

कापण्याआधी लुगडं पूर्ण उलगडून उजेडात धरा. साठ वर्षं एकाच घडीवर पडलेलं असेल तर घडीच्या रेघेवर धागे तुटायला लागलेले असतात, विशेषतः रेशमाचे. तिथं खडूनं खूण करा आणि टेलरला सांगा की शिवण तिथं येऊ दे, मधे ताण नको. आतून मऊ सुती अस्तर लावल्याशिवाय शिवू नका. कोपरा ओल्या पांढऱ्या फडक्यावर दाबून रंग सुटतो का बघा. मशीनमध्ये तर टाकायचंच नाही, रिठ्याच्या पाण्यात हातानं. टेलर असा बघा ज्यानं जुनं कापड शिवलंय. आठ दिवसांत देतो म्हणणारा नको.

आणि हिशेब करा. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. पदराचा भाग बाजूला ठेवला तरी सात मीटरच्या आसपास उरतं. मुलीच्या घेरदार ड्रेसला साडेचार, फार तर पाच मीटर. घेर जास्त मागत असेल तर थोडा कमी करायला लावा, आजकालच्या मुली घेराच्या बाबतीत फार मोकळा हात सोडतात. तरीही दोन-अडीच मीटर निळं कापड उरेल, काठासकट. त्यात एक कुर्ता आरामात बसतो. सलवार पांढरी किंवा लाल, नवी घ्या.

मापं द्यायला जाल तेव्हा सासूबाईंनाही रिक्षातून सोबत न्या. टेलरला सांगा की मापं दोन आहेत, एक मुलीचं आणि एक तुमचं. बाही किती लांब ठेवायची असं तो तुम्हाला विचारेल. तेव्हा सासूबाईंकडं न बघता सांगा.

— आक्का